नेट मानसशास्त्राचा ‘अपेक्षित प्रश्नसंच’: सरावाला चांगला, भाकिताला नाही

सहाय्यक प्राध्यापकपदाची पात्रता ठरवणाऱ्या यूजीसी-नेट परीक्षेच्या तारखा जाहीर झाल्या की मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘अपेक्षित प्रश्नां’च्या जाहिराती फिरू लागतात. त्यांपैकी एक सशुल्क संच माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी मागील परीक्षेपूर्वी घेतला होता. पदव्युत्तर वर्गाला मानसशास्त्र शिकवताना नेट-सेटची तयारीही मी करून घेते, त्यामुळे हा संच मी परीक्षेआधी पानोपान वाचला आणि परीक्षेनंतर उपलब्ध झालेल्या प्रश्नपत्रिकेशी व उत्तरतालिकेशी ताडून पाहिला. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच साच्याचे अनेक संच बाजारात आहेत आणि येथे वापरलेले निकष त्या सर्वांना लावता येतील असे मला वाटते.

परीक्षेचे स्वरूप आधी थोडक्यात सांगते, कारण संचाची किंमत त्यावरच ठरते. पहिल्या पेपरात सामान्य स्वरूपाचे ५० प्रश्न १०० गुणांना आणि दुसऱ्या पेपरात मानसशास्त्राचे १०० प्रश्न २०० गुणांना असतात. दोन्ही पेपर मिळून सलग तीन तास मिळतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. खुल्या प्रवर्गाला दोन्ही पेपर मिळून किमान ४० टक्के व राखीव प्रवर्गांना ३५ टक्के गुण लागतात. मात्र तेवढ्याने काम भागत नाही, कारण दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी साधारण ६ टक्केच उमेदवार सहाय्यक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरवले जातात. जून २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात मानसशास्त्राचे दहा घटक आहेत. महाराष्ट्र व गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ जी सेट परीक्षा घेते, तिलाही हाच अभ्यासक्रम आहे. म्हणून हे संच ‘नेट-सेट दोन्हींसाठी’ असे सांगून विकले जातात आणि त्या सांगण्यात काही गैर नाही.

संच पीडीएफ स्वरूपात मिळतो. दहा घटकांनुसार प्रश्न विभागलेले आहेत, प्रत्येक घटकाच्या शेवटी उत्तरे व दोन-तीन ओळींचे स्पष्टीकरण आहे, आणि काही प्रश्नांपुढे ‘अतिसंभाव्य’ असा शिक्का आहे. प्रश्न इंग्रजीत व हिंदीत आहेत, कारण नेटची प्रश्नपत्रिका या दोन भाषांतच असते. मांडणी स्वच्छ आहे, अक्षर मोबाइलवरही वाचता येते, आणि उत्तरे प्रश्नाच्या लगेच खाली न देता शेवटी दिली आहेत. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे, आणि त्यामागचे कारण पुढे येईलच.

जाहिरातीतील मुख्य दावा असा आहे की मागील परीक्षेतील बहुसंख्य प्रश्न ‘आमच्या संचातूनच’ आले होते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा दावा ऐकताच आपल्याच अभ्यासक्रमातील पाचव्या घटकाकडे वळायला हवे. सिग्नल डिटेक्शनचा सिद्धांत आपण शिकतो तो यासाठीच की एखाद्या निरीक्षकाने किती वेळा ‘संकेत आहे’ असे बरोबर सांगितले एवढ्यावरून त्याची संवेदनक्षमता ठरत नाही. संकेत नसताना त्याने किती वेळा ‘आहे’ म्हटले, हेही मोजावे लागते. जो प्रत्येक वेळी ‘आहे’ असेच म्हणतो, त्याचे बरोबर ओळखण्याचे प्रमाण शंभर टक्के येते आणि तरीही त्याला संकेत आणि गोंगाट यांतला फरक मुळीच कळत नसतो. शंभर प्रश्नांच्या परीक्षेसाठी हजाराच्या आसपास प्रश्न अपेक्षित म्हणून देणारा संच नेमके हेच करत असतो. त्यांतील जे प्रश्न आले त्यांची छायाचित्रे जाहिरातीत झळकतात. जे आले नाहीत, त्यांचा उल्लेख कोठेच नसतो.

दुसरी अडचण ‘आला’ म्हणजे काय, ही आहे. ताडून पाहताना मी तीन पातळ्या वेगळ्या ठेवल्या. प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा आला का, ही पहिली. प्रश्न वेगळा असला तरी तीच संकल्पना विचारली गेली का, ही दुसरी. आणि केवळ तोच घटक किंवा उपघटक आला का, ही तिसरी. पहिल्या पातळीवरचे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि तेही बहुतांश असे होते की जे आधीच्या प्रश्नपत्रिकांत यापूर्वी येऊन गेले होते. दुसऱ्या पातळीवर संच बऱ्यापैकी उतरला, आणि त्याचे श्रेय मी त्याला देईन. तिसऱ्या पातळीवर तर तो पूर्ण उतरणारच, कारण अभ्यासक्रम छापील व सर्वांना उपलब्ध आहे आणि परीक्षा त्याबाहेर जात नाही. जाहिरातीतील मोठा आकडा तिसऱ्या पातळीवरून आलेला असतो, पण विद्यार्थी तो पहिल्या पातळीचा म्हणून वाचतो.

बर्ट्रम फोरर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेला वर्गातील प्रयोग आपण व्यक्तिमत्त्वमापनाच्या प्रकरणात शिकवतो. ३९ विद्यार्थ्यांना त्यांनी ‘तुमचे व्यक्तिगत वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला आणि तो आपल्याला किती लागू पडतो यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कोणालाही लागू पडेल इतके सर्वसाधारण विधान माणसाला आपल्यापुरते अचूक वाटते. ‘यंदा स्मृती, कसोट्यांची विश्वसनीयता आणि बुद्धिमत्तेचे सिद्धांत यांवर प्रश्न हमखास येणार’ हे भाकीत त्याच जातीचे आहे. असे एकही वर्ष दाखवता येणार नाही, ज्यात ते चुकले असते.

समाधानी ग्राहकांचे अभिप्राय हाही पुरावा म्हणून दिला जातो, आणि तोही तपासून घ्यावा लागतो. चार पर्यायांच्या प्रश्नात काहीही न वाचता ठोकताळ्याने उत्तरे दिली तरी सरासरीने चतुर्थांश उत्तरे बरोबर येतात, म्हणजे दुसऱ्या पेपरात सुमारे ५० गुण केवळ योगायोगाने पदरात पडू शकतात. शिवाय अभिप्राय लिहितात ते उत्तीर्ण झालेले. तोच संच वाचूनही ज्यांची पात्रता हुकली, ते विक्रेत्याच्या पानावर लिहायला जात नाहीत. संच घेणाऱ्यांचा आणि न घेणाऱ्यांचा निकाल शेजारी शेजारी मांडल्याशिवाय या अभिप्रायांवरून काहीच ठरवता येत नाही, हे संशोधनपद्धतीचा दुसरा घटक वाचलेल्या कोणालाही मान्य व्हावे.

भाकीत म्हणून हा संच फारसा उपयोगाचा नाही, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. तरीही तो सरसकट टाकाऊ नाही, आणि येथून पुढचे बोलणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रश्न सोडवणे हा अभ्यासाचा शेवटचा टप्पा नसून अभ्यासच आहे, हे मानसशास्त्रात चांगले सिद्ध झालेले आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी गद्य उतारे वाचले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवला. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स परत परत वाचणाऱ्याला आपल्याला सगळे येते असे का वाटते आणि प्रत्यक्षात तसे का नसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. अपेक्षित प्रश्नांचा संच आठवण्याचा सराव म्हणून वापरला तर तो प्रश्न परीक्षेत येवो किंवा न येवो, त्याचा लाभ होतोच.

पण विद्यार्थी तो तसा वापरत नाहीत. बहुतेक जण प्रश्न वाचतात, लगेच उत्तरतालिका उघडतात, बरोबर पर्यायाखाली हायलायटर फिरवतात आणि पुढे जातात. हे पुन्हा वाचण्यापेक्षा वेगळे नाही. उत्तर समोर दिसले की ‘हे मला माहीतच होते’ ही भावना आपोआप उमटते, आणि बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये पश्चात-ज्ञानाच्या या पूर्वग्रहावर केलेले काम अभ्यासक्रमात असूनही आपण त्याच सापळ्यात सापडतो. म्हणूनच या संचात उत्तरे शेवटी ठेवली आहेत, याचे मी वर कौतुक केले.

माझ्या वर्गात हा संच वापरताना मी पर्याय झाकायला लावले. प्रश्न वाचून आधी वहीत एका ओळीत उत्तर लिहायचे, मग पर्याय पाहायचे, आणि बरोबर पर्याय निवडल्यावर उरलेले तीन पर्याय का चूक आहेत किंवा ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर ठरले असते हेही लिहायचे. परीक्षा बहुपर्यायी आहे, म्हणजे ओळखण्याची आहे, मग आठवून लिहिण्याचा हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर असे की नेटमधील चुकीचे पर्याय अगदी जवळचे असतात. ज्याला संकल्पना पर्यायांविना सांगता येत नाही, तो दोन जवळच्या पर्यायांपाशी हमखास अडखळतो.

आणखी एक उपयोग असा की घटक वाचायला घेण्यापूर्वीच त्याचे प्रश्न सोडवून पाहावेत. लिंडसे रिचलंड, नेट कॉर्नेल आणि लिशे शॉन काओ यांच्या २००९ मधील प्रयोगांत वाचनापूर्वी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे चुकली तरी नंतर वाचलेल्या मजकुरातील ती माहिती अधिक चांगली लक्षात राहिली. अपेक्षित प्रश्नांना अभ्यासाच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवणे अनेकांना उलटे वाटेल, पण सांख्यिकीसारख्या ज्या घटकाची विद्यार्थ्यांना धास्ती असते तेथे याचा चांगला परिणाम मी पाहिला आहे. अर्थात, नंतर मूळ पुस्तक वाचून बरोबर उत्तरापर्यंत पोहोचणे ही त्याची अट आहे.

आता संचातील आशयाकडे वळते, आणि येथे एका उदाहरणापाशी थोडे थांबते. मानसशास्त्रीय कसोट्यांच्या घटकात ‘मापनाच्या प्रमाण त्रुटीचे (म्हणजे कसोटीच्या गुणांत साधारण किती चूक असू शकते, त्या मापाचे) सूत्र कोणते?’ असा प्रश्न ‘अतिसंभाव्य’ म्हणून दिलेला आहे. उत्तर बरोबर आहे: एकमधून विश्वसनीयता गुणांक वजा करायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला प्रमाण विचलनाने गुणायचे. परंतु नेटमध्ये सूत्र असे उघडेपणाने क्वचितच विचारले जाते. एका बुद्धिमत्ता कसोटीचे प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.८४ असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी किती, असे विचारले तर ज्याने सूत्र केवळ घोकले आहे तो आकडे पाहून बिचकतो. वास्तविक ०.१६ चे वर्गमूळ ०.४ आणि त्याला १५ ने गुणले की ६, एवढेच ते गणित आहे. पुढचा प्रश्न त्याहून अर्थपूर्ण असू शकतो: १०० गुण मिळवणाऱ्या मुलाचा खरा गुणांक ९४ ते १०६ या पट्ट्यात आहे असे आपण किती खात्रीने म्हणू, आणि विश्वसनीयता वाढवली तर हा पट्टा रुंद होईल की अरुंद? एका सूत्रातून असे तीन-चार प्रश्न फुटतात. संचाने सूत्रापाशी थांबून त्या शक्यता विद्यार्थ्यावर सोडल्या आहेत. कसोटीचे दोन भाग करून विश्वसनीयता काढण्याच्या अर्ध-विच्छेद पद्धतीतील स्पिअरमन-ब्राऊन सूत्राचेही तसेच झाले आहे. दोन अर्धकांतील सहसंबंध ०.६० असेल तर पूर्ण कसोटीची विश्वसनीयता ०.७५ येते, हे एकदा हाताने काढून पाहिलेला विद्यार्थी ते सूत्र विसरत नाही.

प्रश्नप्रकारांच्या बाबतीतही संच मागे आहे. नेटमध्ये विधान-कारण प्रश्न, दोन सूच्यांच्या जोड्या, अनेक विधानांपैकी कोणती बरोबर ते संकेताने निवडणे, कालक्रम लावणे आणि उताऱ्यावरचे प्रश्न असतात. संचात एकेरी, थेट प्रश्नांचा भरणा जास्त आहे. कालक्रमाचे प्रश्न मात्र मनापासून तयार केलेले दिसतात. वुंट यांची लाइपझिगची प्रयोगशाळा १८७९, एबिंगहाउस यांचे स्मृतीवरील लेखन १८८५, वॉटसन यांचा वर्तनवादी लेख १९१३. किंवा स्मृतीच्या प्रतिमानांत ॲटकिन्सन व शिफ्रिन १९६८, क्रेक व लॉकहार्ट १९७२, बॅडली व हिच १९७४ आणि बॅडली यांनी नंतर जोडलेला एपिसोडिक बफर २००० अशा साखळ्या त्यांनी विषयवार बांधल्या आहेत. त्या नुसत्या सनावळ्या राहत नाहीत. एक प्रतिमान आधीच्या कोणत्या उणिवेतून निघाले हे स्पष्टीकरणात दिले आहे. संपूर्ण संचात मला सर्वांत आवडलेला भाग हाच.

याउलट, काही चुका अशा आहेत की त्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. स्मृतीच्या भागात अल्पकालीन स्मृतीतील शोध कसा चालतो यावर एक प्रश्न आहे. उत्तर म्हणून ‘स्टर्नबर्ग’ बरोबर दिले आहे, पण स्पष्टीकरणात बुद्धिमत्तेचा त्रिस्तरीय सिद्धांत मांडणारे हेच ते स्टर्नबर्ग, असे लिहिले आहे. त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. स्मृतिशोधाचा १९६६ चा प्रयोग सोल स्टर्नबर्ग यांचा. त्यात आकड्यांची छोटी यादी दाखवून नंतर एक आकडा यादीत होता का, असे विचारले जाई, आणि यादीत प्रत्येक आकडा वाढला की प्रतिसादाला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागत. आकडा यादीत असो वा नसो, वाढीचा दर तोच राहिला, म्हणून शोध एकेक करून आणि शेवटपर्यंत घेतला जातो असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्रिस्तरीय सिद्धांत १९८० च्या दशकात मांडणारे रॉबर्ट स्टर्नबर्ग. जोड्या लावण्याच्या प्रश्नात हा घोळ थेट दोन गुण घालवतो, आणि जोड्यांचे संकेत एकमेकांवर अवलंबून असल्याने एक चुकीची जोडी पूर्ण उत्तर बिघडवते.

संशोधनपद्धतीत शून्य परिकल्पना (‘फरक किंवा संबंध नाही’ हे गृहीतक) सत्य असताना ती नाकारणे याला उत्तरतालिकेत दुसऱ्या प्रकारची चूक म्हटले आहे; ती पहिल्या प्रकारची. मनोविकृतीच्या भागात पाच अक्षांवरील निदानपद्धतीवर प्रश्न आहे आणि ती चालू पद्धत असल्यासारखी मांडली आहे. वास्तविक २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकार-निदानाच्या ग्रंथामध्येच ती अक्षपद्धती काढून टाकण्यात आली आणि २०२२ मध्ये त्या ग्रंथाची सुधारित आवृत्तीही निघाली. जुन्या प्रश्नपत्रिकांतून प्रश्न उचलताना ते आजही लागू आहेत का, हे कोणी पाहिले नाही, असा याचा अर्थ होतो.

या चुकांवर मी इतका भर देण्यास कारण आहे. रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये दाखवले की बहुपर्यायी चाचणीतून विद्यार्थी शिकतात ते केवळ बरोबर उत्तर नसते. निवडलेला चुकीचा पर्यायही पुढे खरा म्हणून आठवू लागतो. बरोबर उत्तर लगेच कळवले तर हा धोका बराच कमी होतो. म्हणजे उत्तरतालिका हाच या साऱ्या व्यवस्थेचा आधार आहे, आणि तीच चुकीची असेल तर विद्यार्थी जितका मन लावून सराव करील तितकी चूक त्याच्या मनात पक्की होत जाईल.

आशयाचे संतुलन हा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. दहा घटकांपैकी बोधन, व्यक्तिमत्त्व आणि सामाजिक मानसशास्त्र यांना भरपूर प्रश्न आहेत, तर पहिला आणि दहावा घटक जवळजवळ उपाशी आहे. पहिल्या घटकात भगवद्गीता, बौद्ध विचार, सूफी परंपरा आणि पूर्णयोग यांतील मानसशास्त्रीय विचार येतो. स्वातंत्र्यपूर्व व स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय विद्यापीठीय मानसशास्त्राची वाटचाल येते. वुंट, फ्रॉइड, विल्यम जेम्स आणि डिल्थाय यांचे चार संस्थापक मार्ग येतात. ज्ञानमीमांसेचे वाद येतात. संचात या साऱ्यावर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या मनोविश्लेषण संस्थेसारखे मोजके माहितीपर प्रश्न आहेत, आणि डिल्थाय यांच्यावर एकही नाही. दहाव्या घटकातील दारिद्र्य, अपंगत्व, स्थलांतर, कलंकभावना, कौटुंबिक हिंसा या विषयांची तीच गत. ज्या कसोटीचे प्रश्न अभ्यासक्षेत्राचे प्रतिनिधित्व करत नाहीत, तिची आशय वैधता कमी असते, असे आपण तिसऱ्या घटकात शिकतो. या संचाला तो निकष लावला तर तो तेथे कमी पडतो.

भारतीय कसोट्यांच्या बाबतीत तर मला वाईट वाटले. मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी केलेले बिने कसोटीचे रूपांतर आणि नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी केलेले वेश्लर कसोटीचे रूपांतर, या दोन्ही कसोट्या आपल्याकडच्या मुलांच्या मूल्यमापनात वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. त्यांचा उल्लेखही संचात सापडत नाही. पुढे जाऊन जे विद्यार्थी शाळांत आणि रुग्णालयांत काम करणार आहेत, त्यांना परीक्षेपुरतेही हे कळू नये, ही बाब मला खटकते.

‘परीक्षेत हेच येणार’ या भाषेचा एक गंभीर परिणामही सांगणे आवश्यक आहे. १८ जून २०२४ रोजी झालेली यूजीसी-नेट दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती संगणकावर पुन्हा घेण्यात आली. लाखो विद्यार्थ्यांनी ते दोन महिने कसे काढले हे मी जवळून पाहिले आहे. त्याच जूनमध्ये सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदाही लागू झाला. अशा वातावरणात अभ्यासावर आधारलेला अंदाज आणि फुटलेल्या पेपरची बतावणी यांतली रेषा पुसट करणारी जाहिरात करणे अत्यंत बेजबाबदारपणाचे आहे. मी पाहिलेला संच तसा नाही, त्यातील प्रश्न उघडपणे अभ्यासक्रमावरून व जुन्या प्रश्नपत्रिकांवरून केलेले आहेत. पण ‘खात्रीशीर’ हा शब्द त्याच्याही मुखपृष्ठावर आहे आणि तो काढायला हवा.

किंमत एक हजार रुपयांच्या आत आहे आणि विद्यार्थ्यांच्या खिशाचा विचार करता ती अवाजवी म्हणता येणार नाही. मात्र खर्च करण्यापूर्वी विनामूल्य काय मिळते हे पाहावे. सेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका व उत्तरतालिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत, नेटच्याही जुन्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळांवर मिळतात; इग्नूच्या एम. ए. मानसशास्त्राचे साहित्य ई-ज्ञानकोशावर आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) ई-पीजी पाठशालेतील पाठ सर्वांसाठी खुले आहेत. खऱ्या प्रश्नपत्रिकांना मी नेहमीच पहिला क्रमांक देईन, कारण परीक्षकाची विचार करण्याची रीत त्यांतूनच कळते. ज्याचा अभ्यासक्रम एकदा वाचून झाला आहे, ज्याने २०१९ नंतरच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या आहेत आणि ज्याला आणखी सराव हवा आहे, त्याने हा संच जरूर घ्यावा. वाचन सुरू करणाऱ्यानेही तो घटकापूर्वीच्या चाचणीसाठी वापरायला हरकत नाही, मात्र शेजारी मूळ पुस्तक हवे. शेवटच्या आठवड्यात पुस्तकांऐवजी हाच वाचून जाण्याचा ज्यांचा बेत आहे, त्यांनी तो घेऊ नये.

सापडलेल्या चुकांची यादी आम्ही विक्रेत्याला पुराव्यांसह पाठवली. उत्तर सौजन्याने आले, पहिल्या प्रकारच्या चुकीचे उत्तर आणि स्टर्नबर्ग यांचे स्पष्टीकरण नव्या फाइलमध्ये दुरुस्त झाले, आणि ती फाइल जुन्या ग्राहकांनाही पैसे न घेता मिळाली. अक्षपद्धतीचा प्रश्न हे लिहीपर्यंत तसाच आहे आणि पहिल्या व दहाव्या घटकात भर पडलेली नाही. त्यामुळे आता संच घेणाऱ्यांनी दुरुस्त केलेली फाइलच मागून घ्यावी, आणि या दोन घटकांसाठी स्वतःचे प्रश्न अभ्यासक्रमाची प्रत समोर ठेवून तयार करावेत.